अर्धी गोळी

भागीरथेनं मोठी पांढरी गोळी अडकित्त्यात धरली, डाव्या हाताचा आडोसा केला आणि हळूच दाबली. दोन्ही तुकडे सारखे पडले. एक तिनं नवऱ्याच्या ताटाच्या कडेला ठेवला, एक आपल्या. खाली सांडलेली भुकटी बोटानं टिपली आणि तीही त्याच्याच भाकरीला लावली.

दोन महिने हे असंच चाललं होतं. क्षयाचं औषध दवाखान्यातून तिच्या एकटीच्या नावानं मिळे. खोकला दोघांना होता, संध्याकाळचा ताप दोघांना होता. पण नवरा अकोल्यातल्या कापसाच्या प्रेसमध्ये गाठी बांधायला जाई आणि तिथला मुकादम अशा रोग्याला त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवी. म्हणून तो दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हता. एक भाकरी असली की दोघांत मोडायची, तशीच गोळी. यात तिला काही वावगं वाटलं नाही, तिच्या सासूला, सुंदराबाईला तर नाहीच. उलट आपला हात इतका बरोबर चालतो याचा भागीरथेला थोडा अभिमानच वाटे.

सोमवारी कंपाउंडर देवमननं तिला काट्यावर उभं केलं. वजन होतं तिथंच होतं. गोळ्या फेकता का, उपाशीपोटी घेता का, एखादा दिवस चुकवता का, असं त्यानं एकेक विचारलं. तिनं तीन वेळा नाही म्हणून मान हलवली आणि मग खाली बघत अडकित्त्याचं सांगितलं. तिला वाटलं, आता हा ओरडणार. त्यानं स्टूल ओढलं आणि समोर बसून सावकाश समजावलं. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत, त्यांना त्याची सवय होते. मग पुरी गोळीही त्यांच्यापुढं फुकट, तिच्या छातीत आणि नवऱ्याच्याही. औषध जेवल्यावर घ्यायचं, पुरं घ्यायचं, बरं वाटलं तरी दीड वर्ष सोडायचं नाही.

“आन त्यायले इकडं आना,” तो म्हणाला. “त्यायचं औषध त्यायच्या नावानं भेटते.”

त्या संध्याकाळी अडकित्ता कोनाड्यातून निघाला नाही. आपलं जेवण झाल्यावर भागीरथेनं गोळ्या दोघांसमोर एकेक करून गिळल्या. सुंदराबाईचा हात ताटातच थांबला.

“त्याची कुठी हाये?”

“दवाखान्यात हाये. जाऊन घेऊन या म्हना.”

नवऱ्यानं चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतला. भागीरथा त्या अंगठ्याकडं पाहत राहिली.

“पयल्यांदा खाल्ला तवा चक्कर येऊन पडले होते, तुमीच सांगता,” ती त्याला म्हणाली. “आता दिवसभर दाढेत असते, होते का काही? त्या जंतूचंबी तसंच हाये. थोडं थोडं देलं का ते सवयीचे होतात. मंग पुरी गोळी तुमाले लागू होनार नाई आन मलेबी नाई.”

“डाक्तरीन झाली मोठी,” सासू म्हणाली. “देव सोडले तवा मी काही बोलली नाई. आता नवराबी सोडून राहिली का?”

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट नळावर पोचली आणि नळावरून गल्लीभर झाली. नवऱ्याच्या तोंडचं औषध एकटी गिळते, असं बायका बोलू लागल्या. तोवर भागीरथा घरातच, चुलीकडं तोंड करून औषध घेई. आता ती दुपारची भाकर खाल्ली की गोळ्यांची पुडी आणि पाण्याचा लोटा घेऊन उंबऱ्यावर येऊन बसू लागली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कोपऱ्यावरच्या गंगूबाईनं नाकाला पदर लावून विचारलं, “लाज नाई वाटत वं? सारी गल्ली पाहून राहिली.”

“पाहू दे. रोग मी कोनाचा चोरून आनला नाई.”

तोंडानं ती असं म्हणे, पण एका पहाटे नवऱ्याचा खोकला थांबेचना. भिंतीला धरून तो वाकून खोकत होता. भागीरथा उठली, गोळ्यांची डबी उघडली, एक गोळी मुठीत घेतली. तळव्याच्या घामानं ती ओलसर होईपर्यंत तशीच उभी राहिली. मग फडक्याला पुसून तिनं ती परत डबीत टाकली आणि झाकण घट्ट बसवलं. वळून पाहिलं, तर नवरा तिच्याकडंच बघत होता. तिनं त्याला पाणी दिलं. तो प्यायला.

सोमवारी ती दवाखान्याला निघाली. गल्ली संपली तेव्हा मागं वहाणेचा ओळखीचा आवाज आला. तिनं मान वळवली नाही, चाल मात्र जरा हळू केली.

खिडकी एकच होती, बायकांची रांग वेगळी आणि पुरुषांची वेगळी. पुरुषांच्या रांगेत नवरा पुढं सरकत खिडकीशी पोचला, तेव्हाच पायाला चिंधी बांधलेला नत्थुजी लंगडत येऊन रांगेला लागला. नत्थुजी प्रेसमध्ये मुकादमाच्या सावलीसारखा असे.

“नाव?” देवमननं विचारलं.

नवऱ्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मागं पाहिलं.

“नाव सांगा, भाऊ.”

त्याचा एक पाय रांगेबाहेर पडला.

लग्न नागपूरच्या बौद्ध दीक्षेच्या आदल्या साली झालं, त्याला आता सात वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत भागीरथेनं त्याचं नाव चारचौघांत कधी तोंडातून काढलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ती सासूकडं बोट दाखवी. आता बायकांच्या रांगेतून तिनं पुढं होऊन तोंडावरचा पदर बाजूला केला.

“बुधाजी,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. “बुधाजी पुंजाजी तायडे. प्रेसमंदी गाठी बांधतात. खोकला पाच महिने झाले.”

बायकांच्या रांगेत कुणी तरी जीभ चावली. नत्थुजी मान लांब करून पाहू लागला. देवमननं वर न बघता सगळं उतरून घेतलं.

“वय?”

आता तिनं नवऱ्याकडं पाहिलं. बुधाजीनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. रांगेबाहेरचा पाय त्यानं आत घेतला.

“बत्तीस,” तो म्हणाला.