केराबाईची बैठक

"अगं, मोकळी बस की! फोटू काढाय बसल्यागत काय बसलीस?" ज्ञानबा सुतार परसात उकिडवा बसून ओरडला.

समोर गुडघ्याएवढा ओल्या वाळूचा ढीग, त्यावर पोतं आणि पोत्यावर त्याची बायको केराबाई, कपाळापर्यंत पदर ओढून ताठ. वाळूत अंगाचा ठसा उमटेल, त्यावरून खुर्ची बेतायची, ही युक्ती त्याला रंधा मारता मारता सुचली होती. शेजारची तानाबाई कुंपणापलीकडून हसून बेजार झाली होती.

"अवं, उठू का आता? लोक बघत्यात."

"तानाबाई म्हंजे लोक व्हय? बस गप."

गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. सोलापुरावरचा इंग्रजांचा मार्शल लॉ उठला त्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर केराबाई आडाजवळ घसरून पडली आणि तिचा खुबा दुखावला. तेव्हापासून जमिनीवर बसणं संपलं. दिवसभर भिंतीला टेकून उभी राहायची, थकली की आडवी व्हायची. डॉक्टरांनी ज्ञानबाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अशी पडून राहिली तर कायमची अंथरुणाला खिळेल, तिला बसती ठेवा. 

आणि तो तर खुर्च्यांचाच सुतार! सोलापुरातल्या गिरण्यांच्या कचेऱ्यांत, रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांत त्याच्या हातच्या खुर्च्या होत्या. साहेब कागदावर मापं काढून द्यायचा, हा बरहुकूम करून द्यायचा. खुर्चीत बसून माणसाला बरं वाटतं का, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. तो स्वतः जन्मभर जमिनीवर बसून, पायांत लाकूड धरून काम करत आला. खुर्चीवर टेकायचा तो फक्त ती डुगडुगते का पाहायला.

ठशाबरहुकूम सागवानी खुर्ची झाली. केराबाई बसली, "चांगली हाय की" म्हणाली आणि जरा वेळानं उठून भिंतीला टेकली. त्यानं पाय कापून खुर्ची बुटकी केली. "चांगली हाय." पुन्हा उभी. त्यानं खुर्चीचे हात रुंद केले, बैठकीचा वेत काढून सुतळी विणली. तरी कामावरून येऊन पायरीशी खाकरून आत शिरावं, तर बाई उभीच. घरात बाईमाणूस असताना खाकरल्याशिवाय आत यायचं नाही, ही त्याच्या आज्यापासूनची रीत.

"दुखतं कुटं? पाठीत? मांडीला?"

"कुटंच न्हाई."

"मग बसत का न्हाईस?"

"बसती की," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

ज्ञानबाचं डोकं चालेना. लाकडात गाठ असली तर हाताला लागते. इथं बाई चांगलं म्हणते आणि उठते, मग चूक शोधायची कुठं?

एका दुपारी तो तानाबाईचं दार दुरुस्त करत होता. लाकूड तासायची पटाशी घरी राहिली होती. ओठांत खिळे धरलेले, तसाच उठून ती आणायला तो आपल्या घराची पायरी चढला. तोंडात खिळे असताना खाकरणार कसा?

केराबाई खुर्चीत झोपली होती. पण ती त्याची खुर्ची राहिलीच नव्हती. पुढच्या पायांखाली पाट सारून तिला मागं भिंतीवर कलती केलेली, पाठीशी वाकळ कोंबलेली, पाय पालथ्या घमेल्यावर. पदर खांद्यावरून घसरला होता, एक हात खाली लोंबत होता आणि ती चक्क घोरत होती.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला अशी कधी पाहिलीच नव्हती. तो समोर आला की ती पदर सावरून ताठ व्हायची. वाळूवरही ती त्याच्यासमोरच बसली होती. नवऱ्यापुढं अवघडून बसलेल्या बाईचं माप घेऊन त्यानं खुर्ची केली होती. त्याला फार वाईट वाटलं. पण चूक तिची, आपली की आज्याची, हे काही केल्या उमगेना. तो आल्या पावली मागं फिरला.

"पटाशी कुटं हाय?" तानाबाईनं विचारलं.

त्यानं तोंडातले खिळे काढले. "ती तशी रोज निजती?"

"व्हय की. पाट कदी मी सारती, कदी ती पायानं. तुमचा खोकला ऐकला की खुबा धरून उठती, घाईघाईनं समदं काढती. तुमच्या कामाला नाव ठेवल्यागत दिसाय नगं, म्हनती."

संध्याकाळी ज्ञानबा गल्लीच्या तोंडाशीच खाकरला. थांबला. निंबाच्या पाराशी पुन्हा खाकरला आणि लग्नाच्या वरातीसारखा रेंगाळत घरी आला. केराबाई उभी होती. पाट भिंतीशी, वाकळ घडी करून कोनाड्यात.

"चांगली हाय न्हवं खुर्ची?" त्यानं विचारलं.

"लई चांगली हाय."

"मग आता हात लावत न्हाई मी तिला."

एवढं बोलून तो उंबऱ्याशी बसला, रस्त्याकडं तोंड आणि घराकडं पाठ करून. कानस काढली आणि करवतीचे दात घासायला लागला. दात तसे धारदारच होते.

बऱ्याच वेळानं मागं पाट जमिनीवरून घासत सरकला. मग सुतळी करकरली. ज्ञानबाचा हात क्षणभर थांबला. मान न वळवता तो पुढचा दात घासू लागला.