पांढरा जबडा

कडूबाईचं नाव तिच्या आईनं मुद्दामच ठेवलेलं. आधीची दोन लेकरं दगावली, मग हिला तरी कुणाची दीठ लागू नये म्हणून कडू. तेव्हा सोलापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी तिच्या पोरीचं नाव विचारलं, तर ती खरं थोडंच सांगणार?

"दगडी," ती म्हणाली.

लेकीनं, सोजरनं, चमकून आईकडं बघितलं. आईनं कोपरानं ढोसलं.

डॉक्टर शरणबसप्पांच्या मागं फळीवर पांढऱ्या जबड्यांची रांग होती. नुसते जबडे, आणि प्रत्येकावर काहीतरी लिहिलेलं. कडूबाईच्या अंगावर काटा आला. जळकोटहून निघताना सासूनं बजावलं होतं, "केस, नख, दात कुणाच्या हाती पडू द्यायचं न्हाय बघ. करणीला तेवढं पुरतं." हा बाबा तर आख्खा जबडाच ठेवून घेत होता!

"दात लई पुढं आल्यात, तर उपटून टाका की," ती म्हणाली. "ही दातांना तार बसवायची कशापायी?"

"पुढं आलेत ते दिसतं. दुखणं आत आहे," डॉक्टर म्हणाले. "वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतच नाहीत. तारेनं हळूहळू मागं घेऊ. पोर वाढतीय तोवरच हे सोपं. आधी ठसा घेतो."

पोरीच्या तोंडात मऊ लगदा दाबून त्यांनी ठसा घेतला, त्यात प्लॅस्टर ओतलं. घट्ट झाल्यावर दोन पांढरे जबडे निघाले, वरचा आणि खालचा. कंपाउंडरनं पेन्सिलीनं नाव लिहिलं. डॉक्टर दुसऱ्या माणसाकडं वळले, तसं कडूबाईनं दोन्ही जबडे भाकरीच्या फडक्यात गुंडाळले आणि पोरीचा हात धरून तडक यष्टी गाठली.

नळदुर्गाला गाडी थांबली. सोजरनं भाकरी घेतली, कड काढून ठेवली आणि मधला मऊ तुकडा चघळत बसली.

"किती नखरे गं तुझे!" म्हणत कडूबाई फडकं आवरू लागली. जबडे मांडीवर आले. तिनं ते एकावर एक बसवले. पुढून दिसलं ते रोजचंच. उलटून मागून बघितलं, तर खालचे दात थेट टाळूत रुतलेले. तिथं बारीक खळगे पडले होते.

"सोजे, हितं दुखतं व्हय?"

"घास चावला की. कधी रगतबी येतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू म्हणतीस, नखरे करती."

कडूबाईनं पिशवी उचलली आणि पोरीला घेऊन खाली उतरली.

"ओ बाई, तिकीट जळकोटचं हाय!" कंडक्टर ओरडला.

"जळकोट काय पळून चाललंय व्हय?"

दवाखान्यात कंपाउंडर फळी धुंडाळत होता. तिनं जबडे टेबलावर ठेवले. "म्याच नेलते. तुमी ह्याचं मागं काय करता, कुणी सांगावं?"

डॉक्टरांना हसू आलं. "तार ह्यावर बेतायची असते, बाई. अन् दात किती हलले, ते पुढं ह्याच्याशीच ताडून बघायचं."

तिनं जबडे त्यांच्याकडं सरकवले.

"काम झालं की माझ्या हातात माघारी द्यायचं."

"देईन."

मग तिनं पदराच्या टोकानं पेन्सिलीचं अक्षर पुसलं. "हे खोटं हाय. सोजर लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं जबडा लेकीपुढं धरला.

"नीट बघ गं. तुझंच नाव लिवलंय न्हवं?"