लिंबाच्या वासाचं बेसिल

माझे सासरे म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे आचारी. आमची छोटीशी खाणावळ चालायची ती त्यांच्या हाताच्या चवीवर. तापाच्या आजारात त्यांना वास येणंच बंद झालं आणि त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणंच सोडलं. "वास न येणारा आचारी कसला? तू सांभाळ आता," म्हणाले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. आता बोला! मला धड चहा जमायचा नाही.

डॉक्टर म्हणाले, नाकाला रोज एकच वास द्या, कदाचित जाग येईल. म्हणून मी लिंबाच्या वासाच्या बेसिलचं बी आणलं. हे तुळशीचंच भावंड, पण पान चुरगळलं की थेट लिंबाची साल. खिडकीतल्या डब्यांत बी भुरभुरवलं आणि वर धबाधबा पाणी ओतलं. सगळं बी वाहून एका कोपऱ्यात! पुन्हा पेरलं, या खेपेला पाणी हातानं शिंपडलं. रोपं वीतभर झाली तशी शेंडे खुडत गेले, म्हणजे फांद्या फुटतात. खुडलेलं पान रोज सासऱ्यांच्या नाकापुढे.

"आलं का काही?"

"गवत."

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"गवतच. बैल समजतेस का मला?"

मला रडू यायचं. नवरा म्हणायचा, "नाद सोड." मी म्हणायचे, "तुझा सोडेन, पण हा नाही."

मध्येच तुरे आले. फुलं छान दिसतात म्हणून ठेवली, तर पानं बारीक पडायला लागली. मग जीव घट्ट करून सगळे तुरे खुडून टाकले.

परवा डबे असे माजले होते की म्हटलं, सूपात घालून बघू. भाज्यांबरोबरच ओंजळभर पानं टाकली आणि दिलं रटरट उकळू. गिऱ्हाइकं यायची वेळ, माझी नुसती धांदल.

मागचं दार धाडकन उघडलं. सासरे! पायात एकच चप्पल.

"अगं, ही पानं कोणी उकळतं का? गॅस बंद केल्यावर घालायची असतात! सगळं लिंबू घरभर उधळलंस, पातेल्यात काय राहिलं?"

"बाबा, लिंबू कुठंय घरात?"

ते बोलता बोलता थांबले. जोरात श्वास ओढला. मग आणखी एकदा. डोळे भरून आले, पण आवाजातला तोरा तोच. "बघत काय बसलीस? ताजी पानं आण, मूठभर."

मी खिडकीकडे धावले. इतकी बोलणी खाऊन इतकी खूश झालेली सून दुसरी नसेल. डोळ्यांतल्या पाण्यानं समोरचं धड दिसत नव्हतं. मी दोन मुठी खुडल्या.