चहाच्या कपातले तेरा घोडे

सकाळी सव्वासहा वाजता बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, चौकटीला बाहेरून अडकवलेला थर्मामीटर वाचला आणि फ्रीजच्या दारावर टांगलेल्या वहीत 'बाहेर २३' असे लिहिले. मग फ्रीज उघडून आतला थर्मामीटर पाहिला. 'आत ४.' चहाचे आधण ठेवले, पाणी उकळेपर्यंत चष्मा पुसला, कपभर चहा उभ्यानेच प्यायला आणि उरलेला थर्मासमध्ये भरून घेतला. तंत्रशाळेत बावीस वर्षे शीतकरण शिकवणाऱ्या माणसाला असल्या खोडी जडतात. विद्यार्थी त्यांना बाई म्हणत, धाकटा भाऊ ताई म्हणे, आणि पाठीमागे दोघेही 'थर्मामीटर' म्हणत. हे बाईंना ठाऊक होते आणि त्यात त्यांना वावगे वाटत नसे.

सातला खाली हॉर्न वाजला. धाकट्याची टर्बोची निळी गाडी दारात उभी होती आणि शेजारच्या सीटवर भावजय मांडीवर वही घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी घाटाची शर्यत होती: अकरा किलोमीटरची सलग चढण, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. धाकटा गाडी हाकणार आणि भावजय शेजारी बसून वळणे वाचून दाखवणार. त्याआधी आज, गाडीवाले ज्यांना उस्ताद म्हणत त्या मेकॅनिकच्या वर्कशॉपमध्ये, नवा इंटरकूलर बसवायचा होता. बाईंनी बरोबर यावे हा आग्रह भावजयीचा. धाकट्याची एकच अट होती, की ताईने तिथे शंका काढत बसू नये. बाईंनी ती मान्य केली. पाळण्याविषयी काही बोलल्या नाहीत.

इंटरकूलर ही काही जादूची वस्तू नव्हे. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेत इंधन नीट जळत नाही. म्हणून ती हवा आधी गाडीच्या नाकापाशी बसवलेल्या, पातळ पत्र्यांच्या जाळीच्या डब्यातून फिरवून गार करतात. चांगला डबा खरोखरच गाडीचा जोर वाढवतो. उस्ताद विकत होते तो डबा निराळा होता. त्याला भाविक लोक 'गारवा' म्हणत.

भाविक हा शब्द मुद्दाम वापरला आहे. वर्कशॉपच्या अंगणात आठच्या आत चाळीस-एक माणसे जमली होती आणि त्यांत अडाणी म्हणावे असे कोणी नव्हते. एक वास्तुविशारद होता, दोन संगणकवाले होते, बँकेतला एक अधिकारी होता. पुढच्या रांगेत एक दंतवैद्य स्वतःची पांढरी गाडी घेऊन आले होते. पुढचा नंबर त्यांचा. हेच दंतवैद्य दवाखान्यात क्ष-किरण फोटो पाहिल्याशिवाय कोणाच्या दाढेला हात लावत नसत. इथे मात्र ते टाचा उंचावून उभे होते.

मधोमध जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडी चढवायची, चाके जोरात फिरवायची आणि इंजिनाचा जोर घोड्यांत, म्हणजे अश्वशक्तीत, पडद्यावर वाचायचा, असे ते डायनोचे मशीन होते. धाकट्याची गाडी थेट रस्त्यावरून आली आणि तशीच त्यावर चढली. बॉनेट बंद, समोरचा मोठा पंखा बंद. बारा सेकंद इंजिन किंचाळले आणि पडद्यावर आकडा उमटला: २१२. उस्तादांनी त्याचा कागद छापून भिंतीवर लावला. बाईंनी सवयीने आकड्याखालची बारीक अक्षरेही वाचली. हवेचे तापमान २७.

मग दोन तास काम चालले. जुना डबा निघाला, नवा बसला आणि तेवढा वेळ उस्तादांचे प्रवचन झाले. काळा शर्ट, काळा चष्मा, हातात हातोडीऐवजी माइक. घोडे इंजिनात नसतात, ते हवेत असतात, असे त्यांचे मत होते. आपण केवळ लगाम घालतो. हवेलाही मन असते. ती तापली की रागावते आणि गार झाली की देते. गारव्याच्या कोपऱ्यात एक सीलबंद नळी होती आणि तिच्यात म्हणे 'शीतकण' होते. ते कुठून येतात हे उस्ताद सांगत नसत, पण सांगत नाही हे मात्र दर पाच मिनिटांनी सांगत. जे लोक औषधाच्या बाटलीवरची तारीख तीनदा वाचतात, ते नळीत काय आहे हे न विचारता माना डोलवत होते.

दुसऱ्या मापाच्या वेळी बॉनेट उघडे होते आणि पंखा पूर्ण वेगाने सुरू होता. उस्तादांनी डोळे मिटले, हात उंचावला. पुन्हा बारा सेकंद. पडद्यावर २३४.

टाळ्या पडल्या. मग रांग लागली, कारण हा तिथला रिवाज होता. माप झाले की प्रत्येकाने पुढे येऊन गारव्यावर तळहात टेकवायचा. डबा खरोखर गार होता. एकेक जण हात लावी आणि चेहरा पालटून मागे फिरे. दंतवैद्य तर दोनदा रांगेत उभे राहिले.

"बावीस घोडे," उस्ताद म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही. आता शेवटचं काम."

शेवटचे काम गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये होते. त्यात एक राखण असते. आत येणारी हवा फार तापली तर कॉम्प्युटर आपणहून जोर कमी करतो, नाहीतर पिस्टन वितळतात आणि इंजिन फुटते. उस्ताद ती राखण काढून टाकणार होते. धाकटा लॅपटॉपसमोर बसला. 'मंजूर' लिहिलेल्या खुणेवर त्याचे बोट ठेवायचे तेवढे बाकी होते.

भावजय गर्दीतून पुढे आली. "मी शेजारी बसणार आहे उद्या. राखण काढली आणि हवा तापली, तर?"

"तापणारच नाही, वहिनी. घरात सापच नाही, तर मुंगूस कशाला पाळायचं?"

लोक हसले. धाकटाही हसला. भावजय हसली नाही. तिने वळून बाईंकडे पाहिले आणि बाईंनी मान्य केलेली अट तिथे संपली.

बाई भिंतीपाशी गेल्या. तिथे आता दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. त्यांनी चष्मा वर केला. पहिल्यावर हवा २७, दुसऱ्यावर हवा ६२.

"उस्ताद, दोन तासांत हवा पस्तीस अंशांनी तापली का हो? मला तर घामसुद्धा आला नाही."

उस्ताद म्हणाले की ती मशीनची अंतर्गत भाषा आहे, बाईमाणसाने तिचा ताण घेऊ नये. बाईंनी ताण घेतला नाही. मशीनमधून निघालेली एक बारीक तार त्यांनी नजरेने धरली. भिंतीवर, डोक्याच्या उंचीला एक खिळा होता. वर्षानुवर्षे तिथे काही टांगलेले असावे तसा त्याखाली रंगाचा फिकट पट्टा उमटला होता. तार तिथून उतरून बाकामागे गेली होती. बाई वाकल्या. तारेच्या टोकाचा तापमापक एका पेटत्या हॅलोजन दिव्याच्या पाठीला टेकून पडला होता.

कुणीतरी तो काम करताना हलवला असेल, असे उस्ताद म्हणाले. बाई म्हणाल्या, असेल. त्यांनी तापमापक उचलून पुन्हा खिळ्याला लावला आणि पंधरा वर्षांच्या मुलांना समजावतात तशा, आवाज न चढवता, समजावू लागल्या. उकाड्याच्या दिवशी गाडीचा जोर मुळातच थोडा कमी भरतो. म्हणून न्याय व्हावा यासाठी हे मशीन बाहेरची उष्णता मोजते आणि तेवढे घोडे पदरचे घालून आकडा दाखवते. सोय चांगली आहे. पण उकाडा नसताना मशीनला उकाडा सांगितला, तर ते बिचारे फुकटचे घोडे घालते.

"मशीन खोटं बोलत नाही, हे खरंय," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या कानात कोण काय सांगतं, तेही बघावं. डॉक्टर, तुमच्या गाडीचं पहिलं माप घ्यायचंच आहे ना?"

दंतवैद्यांना माघार घेता येईना, आणि 'शंका असेल त्याने पुढे यावे' हे वाक्य उस्तादांनी सकाळपासून सहा वेळा माइकवर म्हटलेले होते. धाकट्याची गाडी उतरवून पांढरी गाडी चढवली गेली. बॉनेट उघडे, पंखा सुरू. तापमापक खिळ्यावर. आकडा आला १९८. बाईंनी पुन्हा माप घ्यायला लावले, कारण त्यांच्या मते एकदाच घेतलेले माप म्हणजे अफवा असते. पुन्हा १९८. मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, कपात चहा ओतला आणि तापमापकाचे टोक त्यात बुडवले. गाडीला कोणी बोटही लावले नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान चढत चढत ६८ वर थांबले. उस्तादांचा हात बटणाकडे जाईना, तेव्हा ते दंतवैद्यांनी स्वतःच दाबले.

२११.

"तेरा घोडे," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, तुमच्या गाडीला चहा मानवला."

प्रथम वास्तुविशारद हसला, मग बँकवाला, मग सगळे अंगण. सकाळपासून टाळ्या देणारीच ती माणसे होती. बाईंना या हसण्याची टाळ्यांपेक्षा फार मोठी किंमत वाटली नाही. वारा फिरला की शेतातले गवत जसे सगळे एकदम दुसरीकडे झुकते, त्यातलाच तो प्रकार. दंतवैद्य मात्र हसले नाहीत. ते आपल्या तळहाताकडे पाहत होते.

"पण डबा गार होता. मी हात लावला होता," ते म्हणाले.

प्रश्न रास्त होता. बाईंनी धाकट्याची गाडी पुन्हा चढवायला सांगितली. तापमापक खिळ्यावर ठेवून माप घेतले तेव्हा आकडा २२२ वर आला. दिव्याचे घोडे गळाले. उरलेले दहा विश्रांतीचे आणि पंख्याचे होते, कारण पहिल्यांदा गाडी तापून आलेली होती आणि बॉनेट मिटलेले होते. आता बाईंनी मध्ये उसंत न देता लागोपाठ मापे घ्यायला लावली. दुसऱ्यांदा २१४. तिसऱ्यांदा २०५. जुन्या डब्याच्या पहिल्या आकड्याहूनही तो खाली गेला होता.

"लावा हात," बाई म्हणाल्या.

दंतवैद्यांनी गारव्यावर तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका बसलाच होता. जाड धातूचा ठोकळा बारा सेकंदांत तापत नाही, म्हणून एका मापाला तो गार लागतो. पण एकदा तापला की गार व्हायला त्यातून वारा जावा लागतो. बाईंनी भिंतीवरचा २३४ चा कागद काढला आणि पंखा सुरू असताना डब्याच्या मागच्या अंगाला धरला. कागद हललाही नाही. जाळी इतकी घट्ट भरली होती की वारा तिच्यावर आपटून बाजूने निघून जात होता.

कोणीतरी कोपऱ्यातली सीलबंद नळी पान्याने फोडली. आतून पांढरे दाणे बाकावर सांडले. बाईंनी ते पाहिले आणि तुमच्या घरच्या नव्या बुटांच्या खोक्यातही ओल शोषणारे असलेच दाणे निघतील, असे सांगितले.

उस्ताद डगमगले नव्हते. शंकेखोर माणूस जवळ असला की शीतकण काम करत नाहीत, असे त्यांनी माइकवर जाहीर केले. बाई म्हणाल्या की तसे असेल तर उद्या घाटात दरीच्या बाजूला शंकेखोर माणूस उभा नसेल याची खात्री कोण देणार. माइक थोडा वेळ खरखरला आणि बंद झाला.

परतीच्या वाटेवर धाकटा गाडी हाकत होता. मग म्हणाला, "सगळ्यांसमोर करायची गरज होती का, ताई?"

"फसवणूक सगळ्यांसमोर झाली होती."

"मी मूर्ख दिसलो."

"दिसलास. तुझ्या आधी दंतवैद्य दिसले." बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "हे बघ, त्याच्यावर ठेवलास तसा विश्वास आता माझ्यावर ठेवू नकोस. मीही चुकू शकते. कोणी चमत्कार दाखवला की तीनच गोष्टी विचार. आधी आणि नंतर एकाच परिस्थितीत मोजलंय का? किती वेळा मोजलंय? आणि मोजणाऱ्याला आकडा वाढला तर काय मिळणार आहे? एवढं विचारायला डिग्री लागत नाही. लाज सोडावी लागते, बस."

भावजयीने वही उघडून वळणे पुन्हा मोजायला सुरुवात केली. सतरावे वळण दरीकडचे होते. तिथे तिचे बोट थोडा वेळ थांबले आणि ते धाकट्याने पाहिले.

घरी पोचल्यावर त्याने गाडी अंगणातल्या पत्र्याखाली घेतली, कपडे बदलले आणि पाने काढले. कोणी त्याला काही सुचवले नाही. पुढचा बंपर उतरला. गारवा सुटला आणि जमिनीवर धप्पकन आपटला. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून ठेवलेला जुना डबा त्याने बाहेर काढला, जाळीवर फुंकर घातली आणि पलीकडे तळहात धरून फुंकर पोचते का ते पाहिले. भावजय एका रिकाम्या कपात बोल्ट धरून उभी होती. मागेल तसा एकेक देत होती. कॉम्प्युटरमधली राखण जिथल्या तिथे होती, तिला कोणी हात लावला नव्हता.

शेवटचा क्लॅम्प आवळून झाल्यावर त्याने इंजिनातले तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पुसायला फडके हाताशी नव्हते. बाईंनी वर्कशॉपमधून आणलेला २३४ चा कागद सीटवर पडला होता. त्याने त्या कागदाने पट्टी स्वच्छ पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढली आणि उजेडात धरून तेल किती आहे ते वाचले. मग पुन्हा एकदा पुसली, घातली, काढली आणि वाचली.