दादांच्या कार्डांवरचे तास

"सगळ्यात कमी तास कुणाचे, सांगू?" साहेबांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "तुमचे."

तुमचे म्हणजे माझे. ऑफिसात मला सगळे फौजदार म्हणतात, कारण राग कायम नाकावर. त्या दिवशी तो थेट डोक्यात गेला.

साहेब नवे, वयाने आमच्याहून लहान. आम्ही प्रोग्रॅम लिहितो; प्रत्येक कामाचं कॉम्प्युटरवर एक कार्ड असतं, आणि कुठल्या कार्डावर किती तास काम केलं, ते रोज सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतो. आता साहेबांनी त्याला एआय जोडलं होतं. साध्या भाषेत विचारायचं, की ते सगळे तास उपसून पुढ्यात ठेवतं. साहेबांनी विचारलं होतं, कोण राबलं आणि कोणी बसून खाल्लं. शब्द वेगळे असतील, अर्थ हाच. यादीत जो तळाला, त्याला नारळ, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. माझ्या घरात कमावती मी एकटी.

"आणि सगळ्यात जास्त तास दादांचे!" साहेब म्हणाले. "एवढ्या आजारपणात! टाळ्या वाजवा."

सगळं ऑफिस ज्यांना दादा म्हणतं, ते माझ्या शेजारीच बसले होते. कॅन्सरचे उपचार आटोपून त्याच दिवशी कामावर आलेले. डोक्यावर टोपी, शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. टाळ्या वाजल्या, तरी ते गोंधळून पडद्याकडेच बघत राहिले.

खरं काय ते मला ठाऊक होतं. दादा आजारी पडले आणि त्यांची कामं अडली. कार्डं कोरी दिसली असती तर कंपनीने त्यांना काढलं असतं, आणि नोकरीबरोबर उपचारांचा विमाही गेला असता. म्हणून ती कामं मी ओढली. आमच्याकडे रिवाजच होता, कार्ड ज्याचं, तास त्याचे, मग काम कुणी का करेना. या साहेबांच्या आधीच्या मॅडमही म्हणाल्या, "तसंच लिही." पुढे त्या नोकरी सोडून गेल्या. दादांना मी चकार शब्द सांगितला नाही. माणूस उलट्या करून बेजार, त्याला कसले हिशेब ऐकवायचे?

आता तोंड उघडलं तर दादांच्या पोटावर पाय, आणि नाही उघडलं तर माझ्या.

"काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

"मी काय इतके दिवस खुर्ची गरम करत होते?"

"डेटा खोटं बोलत नाही."

"त्याला दिसतं तेवढंच ते बोलणार! तुम्हाला तर डोळे आहेत ना? मग जरा उठून बघा की, कोण काय करतंय ते!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. "दादांकडून शिका जरा. हॉस्पिटलमधून काम केलंय त्यांनी."

"नाही केलं," दादा म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. "दादा, गप्प बसा हो."

"का गप्प बसू? साहेब, मला चमचा धरवत नव्हता. बायको भरवायची. हे तास माझे नाहीत." मग ते माझ्याकडे वळले. "तूच केलंस ना हे? विचारायचंस तरी! मी काय भीक मागितली होती?"

साहेबांना मी पुरून उरले असते, पण हे मला लागलं.

"भीक कसली दादा? माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत?"

त्यांनी टोपी कपाळावर ओढून घेतली.

"म्हणजे नोंदी खोट्या," साहेब म्हणाले आणि टाइप करू लागले. दादांचे ते तास रद्द कर, यादी पुन्हा दे. एआयने निमूटपणे दिली. दादा तळाला आले, त्यांच्या वर मी.

"अहो, पण ते काम?" मी उभीच राहिले. "मी लिहिलेल्या त्या प्रोग्रॅमवरच गोदामातून दवाखान्यांना औषधं रोज जातायत! ते काय भुताने केलं?"

"तुमच्या नावावर नोंद नाही."

"मग मला काढा! यांच्या तपासण्या बाकी आहेत अजून, विमा लागणार आहे. लाज वाटत नाही तुम्हाला?"

"नियम सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले आणि लॅपटॉप मिटून निघून गेले. बाकीचेही खाली माना घालून उठले. मघाशी याच हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या!

"बस खाली," दादा म्हणाले. "तू वाचलीस ना? झालं तर मग."

"काय झालं? काहीही झालेलं नाही! मी वर जाऊन भांडणार आहे."

"भांड उद्या. आधी मला तू केलेलं काम दाखव. इतके दिवस माझ्या नावावर होतं, मला कळू दे तरी काय होतं ते."

मी जागेवर जाऊन सगळा कोड उघडला. दादांनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मधे दम लागला की थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे. मी चहा आणला, तो तसाच गार झाला. शेवटी एका ओळीपाशी ते थांबले.

"इथे चुकलीस बघ," ते म्हणाले. "एकच औषध दोन दवाखान्यांनी एकदम मागितलं तर अडकेल."

"हो दादा," मी म्हणाले. मला समोरचं काही दिसत नव्हतं.

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर दाबत ती ओळ दुरुस्त केली.