लाल दिवा चालू असताना

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पुलाकडे जाणारी गाडी फलाट तीनवर उभी आहे.

ही मी. बस स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसते, माईकचं बटण दाबते, लाल दिवा लागतो. न दिसणाऱ्या माझ्या आवाजाचं ऐकून माणसं पिशव्या उचलून पळतात. त्यांना कोणी वेडं म्हणत नाही.

(चुकलीस. तीन नाही. चुकलीस.)

हा तो. तोही दिसत नाही, आणि फक्त मलाच ऐकू येतो. मी त्याला भाडेकरू म्हणते. भाडं देत नाही, खोली सोडत नाही. गोळ्यांनी आवाज उतरला, मुक्काम हलला नाही. पूर्वी मी भांडायचे, तो ओरडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला वेळ ठरवून दे. म्हणून आता हळूच सांगते, डबा खाताना बोलू. तो बहुतेक थांबतो. डबा उघडला की मीही शब्द पाळते, त्याचं ऐकून घेते. घाबरट आहे बिचारा. सगळ्यांच्या गाड्या चुकतील, ही धास्ती.

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. काल बटणावरचं बोट उचलायचं राहिलं.

"आत्ता नाही रे. डबा खाताना बोलू."

सगळ्या स्टँडभर.

कंडक्टर मंडळींना आयतंच मिळालं. "काय ताई, डब्यात काय, आणि डब्याला कोण?"

कंट्रोलर साहेबांचा निरोप आला: उद्या बोलू, माईकवर ठेवायचं की नाही ते.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "यार आहे म्हण."

माझा घास हातातच राहिला. कॉलेजात एका मुलाबरोबर सायकल ढकलताना दिसले, तर याच दादानं आठवडाभर अबोला धरला होता. माझ्या गोळ्या तो शेजाऱ्यांना ॲसिडिटीच्या म्हणून सांगतो.

"कोण यार?"

"कोणीही. बदनामी चार दिवसांची असते. हे कळलं तर जन्माचं."

वहिनी म्हणाली, "डब्याला येतो तर दिसत का नाही, विचारतील ना."

दादानं विचार केला. "लाजाळू आहे म्हणायचं."

आज साहेब काचेच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले. "बाई, कोणाशी बोलत होतात?"

यार अगदी जिभेवर होता. पण पुन्हा बोट राहिलं तर? दर वेळी नवा यार कुठून आणू?

"मला एक आवाज ऐकू येतो, साहेब. औषध चालू आहे. आजवर एकही गाडी चुकीची सांगितलेली नाही."

साहेबांनी खुर्ची जराशी मागे घेतली. "तो... काय करायला सांगतो?"

"चुकलीस म्हणतो. मग मी पाटी दोनदा बघते."

"एवढंच?"

"तुमच्या शर्टाची बटणं खालीवर लागलीत. हे तो नाही, मी म्हणतेय."

साहेबांनी शर्टाकडे पाहिलं. हसले नाहीत. बाहेर गाडी लागली, माणसं भोंग्याकडे माना वर करून थांबली.

"आधी हे सांगा," साहेब म्हणाले.

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. बंदराकडे जाणारी गाडी फलाट पाचवर उभी आहे.

बोट उचललं.

(चुकलीस.)

"आत्ता नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच कोणासमोर, मोठ्यानं. "डबा खाताना."

साहेब माझ्याकडे बघत नव्हते, दिव्याकडे बघत होते.

"विझलेला होता," ते म्हणाले. खुर्ची काही त्यांनी पुढे आणली नाही. तिथेच बसून बटणं सोडवली, पुन्हा नीट लावली.

"पुढची कुठली?"