दारातली हाक

शुक्रवार होता. मशिदींतून नमाजाआधीचं प्रवचन, खुतबा, सुरू झालं होतं आणि सगळं अम्मान शहर कसं मिटून गेल्यासारखं झालं होतं. मदत-केंद्रात हनादी एकटीच बसली होती. पडद्यावर लाल अक्षरांत नाव उमटलं: उम्म रकान, सल्त. सल्त गावात एकटी राहणारी म्हातारी. मुलगा कॅनडात. त्यानंच तिच्या गळ्यात मदतीचं हे बटण अडकवलं होतं. ते दाबलं की बैठकीतल्या यंत्राच्या डब्यातून हनादीचा आवाज तिच्या घरभर जायचा.

"मावशी, बटण दाबलंत? सगळं ठीक ना?"

"चुकून गं पोरी. बोटं हल्ली माझं ऐकतात कुठं!"

"खालच्या अबू सैफना वर पाठवू का? किल्ली आहे त्यांच्याकडे."

"नको नको! त्यांना कशाला? अल्हमदुलिल्लाह, मी अगदी ठीक आहे."

'चुकून दाबलं. ठीक,' एवढं नोंदवून हनादीनं कॉल बंद केला आणि जेवणाचा डबा उघडला. तेलात मुरलेलं भरलं वांगं रोटीत गुंडाळताना मोबाइलवरच्या सिलाच्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. आठ महिन्यांची तिची लेक, बोळक्यानं हसणारी. घास तोंडाशीच थांबला.

उम्म रकान आठवड्यातून दोनदा तरी उगाच बटण दाबायची. पण सिलाची चौकशी केल्याशिवाय तिनं कधी बोलणं संपवलं नव्हतं. "पहिला दात दिसला की रिवाजाप्रमाणे गोड गहू शिजवून वाट. आणि माझी वाटी विसरलीस तर बघ!" असं परवाच तिनं दटावलं होतं.

आज तिनं सिलाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

मधे अकरा मिनिटं गेली होती. हनादीनं उम्म रकानच्या घरचा कॉल पुन्हा जोडला. नळ वाहत होता. एकसारखा.

"मावशी! सिलाचा दात विचारला नाहीत. काय झालंय, खरं सांगा."

 मग लांबून, फरशीला चिकटल्यासारखा आवाज आला.

"न्हाणीत पडले गं. नमाजाआधी अंघोळ करत होते. पाय हलत नाही. अंगावर काही नाही, पोरी... पुरुषमाणूस पाठवू नकोस. तुला सिलाची शपथ."

 शपथ असूनही हनादीनं रुग्णवाहिका सांगितली. अबू सैफचा फोन बंद होता; नमाजाच्या वेळी सगळ्यांचेच बंद असणार. त्याची बायको लेकीकडे इर्बिदला गेलेली. किल्ली त्याच्या खिशात, तो मशिदीत.

"मावशी, बोलत राहा. गव्हात बडीशेप घालू की नको?"

"घाल..."

"आणि साखर?"

 साखर किती, डाळिंबाचे दाणे किती, हनादी विचारत राहिली. तिकडून फक्त पाणी.

नमाज संपल्यावर कुठं अबू सैफनं फोन उचलला. सल्तच्या त्या उभ्या पायऱ्या तो धावत चढला असावा. कुलूप उघडल्याचा खटका हनादीला डब्यातून ऐकू आला. मागोमाग रुग्णवाहिकेच्या माणसांची पावलं. आणि मग दारातच सगळं थांबलं.

"या सातिर!" लाज झाकणाऱ्या देवाच्या नावानं अबू सैफनं हाक दिली. "उम्म रकान, आम्ही आलोय. आत येऊ का?"

कुणी हललं नाही. घरातल्या बाईनं डोईवरची ओढणी सावरून 'या' म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, हे त्यांच्या रक्तातलं. अबू सैफनं पुन्हा हाक दिली, आधीपेक्षा हळू, अदबीनं. तीन धडधाकट पुरुष दारात ताटकळत होते आणि न्हाणीत पाणी वाहत होतं.

हनादीला कळलं, ही माणसं अशीच उभी राहतील.

"या!" ती डब्यातून ओरडली, त्या घरातलीच लेक असल्यासारखी. "आत या! खाटेवरची चादर आधी न्या, डोळे खाली ठेवून तिला पांघरा. मी सांगतेय, या!"

पावलं धावली. नळ बंद झाला. त्या शांततेचीच हनादीला जास्त भीती वाटली.

"काका? काका, श्वास आहे?"

"आहे," अबू सैफ म्हणाला.  "पण पोरी, अंग बर्फासारखं झालंय गं."

जिना उतरणारी पावलं क्षीण होत गेली. घाईत दार कुणी ओढलंच नाही. रिकाम्या घरात वाऱ्यानं ते हळूहळू आपटत राहिलं. पडद्यावर मघाचीच नोंद होती: 'चुकून दाबलं. ठीक.' कॉल बंद करायला हनादीचा हात उचलेना.